निम्मं सिमेंट काढून स्लॅग : बचत, भेसळ की खरंच टिकाऊ?

खारवट | ३ जानेवारी, सकाळी ९:४०

मंडळी, मी बांधकामातला नाही. हिशेब बघतो. प्रश्न फार विचारतो म्हणून आमच्या नव्या इमारतीच्या बांधकाम समितीत मला घेतलंय, आणि आता सगळे पस्तावलेत.

इमारतीला दोन मजली तळघर आहे आणि जमिनीखालचं पाणी खारं. राफ्ट (इमारतीखालचा पायाचा जाड स्लॅब) आणि तळघराच्या भिंतींसाठी इंजिनीअरबाईंनी जो मिक्स दिलाय त्यात निम्मं सिमेंट काढून त्या जागी जीजीबीएस घालायचंय, म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतला दळलेला स्लॅग. खाली टीप : 'ताकद ५६ दिवसांनी तपासावी.'

ठेकेदार म्हणतो, "भट्टीचा कचरा आहे तो. मी शुद्ध सिमेंटचं काम करणारा माणूस, उद्या भिंत गळली तर माझं नाव जाणार." बाई म्हणतात, स्लॅग नसेल तर मी या भिंतींवर सही करणार नाही. दोघंही मनापासून बोलतायत असं वाटतं, हीच पंचाईत.

टाकाऊ माल घातल्याने काँक्रीट जास्त टिकतं हे खरं का? आणि खरं असेल तर इतकी वर्षं काम केलेला माणूस घाबरतोय का?

निवांत | ३ जानेवारी, सकाळी ९:५८

भट्टीतून निघालं म्हणून कचरा? मग सिमेंट काय विहिरीतून उपसतात?

पाटीघमेलं | ३ जानेवारी, सकाळी ११:२०

ठेकेदाराला हसू नका. मी त्याच्याच बाजूचा. पंचवीस वर्षं साइटवर काढली आहेत.

एका कामावर रेडीमिक्सवाल्याने आम्हाला न सांगता फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली राख, वाढवली. थंडीचे दिवस. रात्रीचे नऊ वाजले तरी माल ओलाच. फिनिशिंगची पोरं थाप्या घेऊन नुसती बसलेली. वाऱ्याने वरचा थर आवळला, खाली मात्र लिबलिबीत. एकाचा धीर सुटला, त्याने थापी फिरवली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे फोड आणि पापुद्रे. ते निस्तरलं. पुढे स्लॅबखालचे प्रॉप, म्हणजे टेकू, नेहमीच्या दिवशी काढले आणि स्लॅब मधोमध बसला. पडला नाही, पण दोरी धरली की बाक दिसायचा, आणि तो आजही तिथेच असणार.

तेव्हापासून बॅच शीट (ट्रकमध्ये काय किती घातलं त्याचा कागद) हातात घेतल्याशिवाय मी ट्रक रिकामा करू देत नाही. कागदावर रसायन झकास असतं हो, खाली उभं राहायचं असतं आम्हाला.

सळई१२ | ३ जानेवारी, दुपारी १२:०५

पाटीघमेलं +१. वर्णन वाचून जुन्या जखमा उघड्या पडल्या.

चुनखडी | ३ जानेवारी, दुपारी ३:३१

मी रसायनशास्त्र शिकवते. साइटवर उभं राहण्याचा अनुभव शून्य, तेव्हा पाटीघमेलं काकांशी वाद घालणार नाही. 'कचरा' या शब्दापुरतं बोलते.

सिमेंट पाण्यात कालवलं की मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. हा खरा गोंद, वाळू-खडीला धरून ठेवणारा. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साधा विरलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये हा चुना साधारण पाचवा ते चौथा हिस्सा भरतो, पण ताकदीत त्याचा वाटा फारसा नाही. षटकोनी पत्र्यांसारखे त्याचे स्फटिक खडीच्या कडेला जमतात आणि नेमकी तीच काँक्रीटमधली सगळ्यात कच्ची जागा. पाणी झिरपलं की तो विरघळून बाहेर येतो (भिंतींवरचे पांढरे ओघळ आठवा), आम्ल किंवा सल्फेट आलं तर पहिला तोच सापडतो.

फ्लाय ॲश किंवा सिलिका फ्यूम (सिलिकॉनच्या भट्टीच्या धुरातली अतिबारीक धूळ) यांच्यातला सिलिका काचेसारखा असतो, स्फटिक न झालेला. तो या चुन्याशी सावकाश जुळतो आणि त्यातून पुन्हा गोंदच तयार होतो. जो पदार्थ नुसता बसून होता तो कामाला लागतो, आणि नवा गोंद जुन्या पोकळ्यांमध्ये भरत जातो.

स्लॅगची गोष्ट थोडी निराळी. त्याच्यात स्वतःचा कॅल्शियम भरपूर असतो, त्यामुळे तो पाण्याने आपला आपण घट्ट होऊ शकतो, फक्त कुणीतरी उठवावं लागतं. सिमेंटमधला चुना आणि अल्कली ते काम करतात. म्हणून फ्लाय ॲश सहसा १५ ते ३५ टक्के, सिलिका फ्यूम ५ ते १० टक्के, पण स्लॅग ५० ते ७० टक्केसुद्धा चालतो. युरोपच्या सिमेंट मानकात सीईएम-३/सी या प्रकारात तर ८१ ते ९५ टक्के स्लॅग असतो.

आणि हे काल-परवाचं नाही. वितळलेला स्लॅग पाण्याने झटक्यात गार केला तर त्यात सिमेंटचे गुण येतात, हे जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ मध्ये दाखवलं. तोच स्लॅग सावकाश गार होऊ दिला तर स्फटिक बनतात, त्याची खडी होते, सिमेंट नाही.

निवांत | ३ जानेवारी, दुपारी ३:४४

म्हणजे ज्याला थंड पाण्यात ढकललं तो कामाचा निघाला, आणि ज्याला आरामात बसू दिलं तो दगड. माझ्या आयडीवरच बोलताय हे.

मापटं | ३ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

चाचणी प्रयोगशाळेत काम करतो. खारवट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाटीघमेलं यांच्या प्रतिसादातच आहे. त्यांनी सांगितलेले दोन्ही प्रकार खरे. दोन्हींत चूक वेळापत्रकाची.

सिमेंटची रिॲक्शन धावत सुरू होते, स्लॅग आणि राखेची रेंगाळत. निम्मा स्लॅग असलेला क्यूब (ताकद तपासायला ओतलेला काँक्रीटचा ठोकळा) सातव्या दिवशी फोडला तर नुसत्या सिमेंटच्या क्यूबपेक्षा बराच कमी भरतो. अठ्ठाविसाव्या दिवशी जवळपास गाठतो, पुढे बहुतेक वेळा मागे टाकतो. थंडीत ही शर्यत आणखी लांबते. म्हणून तर बाईंनी ५६ दिवस लिहिलंय. प्रॉप मात्र आठवणीतल्या तारखेला काढायचे नसतात. साइटवरच, त्याच हवेत ठेवलेले वेगळे क्यूब फोडायचे आणि त्या आकड्यावर ठरवायचं. पाटीघमेलं यांच्या कामावर राख वाढली हे कुणाला माहीतच नव्हतं, मग कॅलेंडर कोण बदलणार?

आता टिकाऊपणा. ताकद आणि टिकाऊपणा या वेगळ्या गोष्टी आहेत हे मी रोज कुणाला तरी सांगतो आणि रोज समोरचा फक्त क्यूबचा आकडा विचारतो. तुमच्या भिंती दाबाखाली चुरडून मरणार नाहीत. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड कव्हरमधून, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थरातून, झिरपत सळईपर्यंत जाईल, सळई गंजेल, गंज फुगेल आणि काँक्रीट आतून फोडेल. प्रश्न एवढाच, की क्लोराइडला तिथे पोचायला किती वर्षं लागतात. स्लॅगने छिद्रं बारीक होतात, त्यांची एकमेकांशी असलेली वाट तुटते. शिवाय स्लॅगमध्ये ॲल्युमिना जास्त असल्याने काही क्लोराइड रासायनिकरीत्या अडकून पडतो.

आमच्याकडे याची झटपट चाचणी असते. काँक्रीटच्या ५० मिमी जाडीच्या चकतीला ६ तास ६० व्होल्ट लावायचे आणि किती विद्युतभार गेला ते कूलोंबमध्ये मोजायचं. ४००० च्या वर गेला तर काँक्रीट झिरपणारं, १००० च्या खाली आला तर फारच दाट. नुसत्या सिमेंटचं साधं काँक्रीट ४००० च्या आसपास किंवा वर जाताना मी पुष्कळ पाहिलंय. निम्म्या स्लॅगचं, नीट पाणी मारलेलं, ५६ दिवसांनी हजाराच्या आगेमागे येतं.

उलटतपासणी | ३ जानेवारी, रात्री ९:०२

मापटं, आकडे छान, पण ती चाचणी क्लोराइड मोजत नाही, वीज मोजते. स्लॅग किंवा सिलिका फ्यूम घातला की छिद्रांतल्या पाण्यातले आयनच बदलतात आणि कमी होतात, त्यामुळे आकडा आपोआप देखणा दिसतो. थोडं श्रेय छिद्रांचं, थोडं त्या पाण्याचं. खरं बघायचं तर नमुना मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने ठेवून थर खरवडून क्लोराइड मोजावा लागतो.

आणि चुन्याला सगळ्यांनी मिळून खलनायक केलंय. सळई गंजत नाही ती काँक्रीटच्या अल्कलीमुळे, पीएच साडेबाराच्या वर असतो म्हणून. चुना म्हणजे त्या अल्कलीची तिजोरी. राख आणि स्लॅग तो चुना वापरून टाकतात. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो तेव्हा त्याला अडवायला शिल्लक कमी. कार्बोनेशन लवकर होतं. पीएच ९ च्या खाली आला की सळईचं कवच गेलं. मिठापासून वाचवलं आणि हवेच्या तोंडी दिलं, असं नको व्हायला.

मापटं | ३ जानेवारी, रात्री ९:३०

दोन्ही मुद्दे मान्य. पहिल्यावर एवढंच : एकाच मिक्सच्या ट्रकांमध्ये फरक पडतोय का हे बघायला ती चाचणी उत्तम. दोन वेगळ्या मिक्सची तुलना नुसत्या त्या आकड्यावर करू नये.

दुसऱ्यावर : कार्बोनेशनला हवा लागते. कायम ओल्या, मातीत गाडलेल्या भिंतीत कार्बन डायऑक्साइड शिरणारच किती? पाण्याने भरलेल्या छिद्रांतून तो अतिशय हळू सरकतो. तुमचा धोका खरा आहे तो पावसापासून आडोशाला असलेल्या, अर्धवट कोरड्या बीम-कॉलमला, आणि तेही क्युअरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) अर्धवट सोडलं असेल तर. म्हणूनच तळघराचा मिक्स उचलून वरच्या मजल्यांना डोळे झाकून वापरू नये. खारवट, वर काय वापरताय?

खारवट | ३ जानेवारी, रात्री १०:११

विचारलं. वर २० टक्के फ्लाय ॲश आहे. मला वाटलं होतं तिथे कंजूषपणा करायचा राहून गेला.

वाचनमात्र | ४ जानेवारी, सकाळी ८:२०

तीन वर्षांत पहिला प्रतिसाद देतोय. रोमन लोकांनी हेच केलं होतं ना? चुना आणि ज्वालामुखीची राख?

चुनखडी | ४ जानेवारी, सकाळी ८:५५

स्वागत! हो. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावाच्या आसपासची राख, त्यावरूनच 'पोझोलाना' शब्द आला. रोममधला पँथिऑनचा घुमट आजही उभा आहे, ४३ मीटर व्यासाचा. आपण आज सिमेंटमधल्या फुकट बसलेल्या चुन्याला काम देतो. त्यांच्याकडे सिमेंट नव्हतंच, मुळात चुना आणि राख एवढंच.

निवांत | ४ जानेवारी, सकाळी ९:०३

आणि घुमटात सळई नव्हती, म्हणून गंजली नाही. दोन हजार वर्षं टिकायचं रहस्य सांगून टाकलं, फी नको.

उलटतपासणी | ४ जानेवारी, सकाळी ९:४०

निवांत चुकून बरोबर बोललेत. रोमन काँक्रीटची आणि आजच्या सळईवाल्या काँक्रीटची टिकाऊपणात तुलना करणाऱ्यांना हेच सांगावं लागतं.

दुपारची झोप | ४ जानेवारी, दुपारी २:१५

फ्लाय ॲशबद्दल अवांतर. आम्ही एकदा बंद जागेत राखेचं काँक्रीट ओतलं आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. अमोनियाचा भपकारा. पुढे कळलं, वीजकेंद्रात धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला अमोनिया सोडतात, त्याचे क्षार राखेला चिकटून येतात आणि सिमेंटच्या अल्कलीत पडले की वायू सुटतो. काँक्रीटला काही झालं नाही, आमच्या नाकाला झालं. पंखे लावून काम केलं.

मापटं | ४ जानेवारी, दुपारी ४:००

बरोबर. राख म्हणजे एक पदार्थ नाही हे लोकांच्या लक्षात येत नाही. धुरातून विद्युत अवक्षेपकाने पकडलेली बारीक राख ती फ्लाय ॲश. तिचे कण गोल, काचेच्या गोट्यांसारखे, म्हणून माल घसरता होतो आणि पाणी कमी लागतं. भट्टीच्या तळाशी पडते ती भरड राख वेगळी, आणि पाण्यात कालवून तळ्यात सोडलेली आणखी वेगळी. तळ्यातली राख ट्रक भरून आणली आणि 'फ्लाय ॲश आहे' म्हणाले तर ती भेसळच.

राखेत न जळालेला कोळसा उरला तरी त्रास. हवेचे बुडबुडे धरून ठेवायला जे रसायन घालतात ते हा कार्बन शोषून घेतो. अमेरिकी मानकात जळण-घट (राख तापवल्यावर वजनात होणारी घट) ६ टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे ती त्यासाठी. सिलिका फ्यूम तर तिसराच प्राणी. सिमेंटच्या कणापेक्षा साधारण शंभरपट बारीक. सुपरप्लास्टिसायझरशिवाय (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) त्याच्या वाटेला जाऊ नये. तो घातला की पृष्ठभागावर पाणी सुटतच नाही, मग वारा असेल तर ओल्या मालालाच तडे.

सळई१२ | ४ जानेवारी, दुपारी ४:२२

बुर्ज खलिफाच्या पायातल्या पाइलमध्ये फ्लाय ॲश आणि सिलिका फ्यूम दोन्ही होतं असं वाचलंय. तिथलं भूजलही भयंकर खारं.

मापटं | ४ जानेवारी, दुपारी ४:३५

हो, दोन्ही होतं. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलातही, कॅनडाच्या कॉन्फेडरेशन पुलातही. आणि स्लॅगचं उदाहरण हवं असेल तर नेदरलँड्समधलं पूर्व स्खेल्डचं वादळ-अडथळा धरण, १९८६ मध्ये सुरू झालेलं. समुद्रात उभं आहे आणि सिमेंट स्लॅगचं. डच लोकांना स्लॅग सिमेंटचं अप्रूपच नाही, त्यांच्याकडे तेच नेहमीचं.

पाटीघमेलं | ४ जानेवारी, संध्याकाळी ६:४८

पूल-धरणं बांधणारे पाणीही मारतात हो. रोज, मोजून, दोन आठवडे. इथे तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवतात. स्लॅगच्या मालाला पाणी मारलं नाही तर वरचे दोन इंच मरतात, आणि सळईवरचं कव्हर तेवढंच असतं. आत कितीही मजबूत असो, काय उपयोग?

उलटतपासणी | ४ जानेवारी, संध्याकाळी ७:००

या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वर आहे. क्यूब पाण्याच्या टाकीत पोहत असतो, भिंत उन्हात. क्यूबचा निकाल भिंतीला लावणं म्हणजे दुसऱ्याची उत्तरपत्रिका दाखवणं.

पानगळ | ५ जानेवारी, सकाळी १०:३०

कार्बनबद्दल अजून कुणीच का बोललं नाही? क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते भट्टीतले खडे, सुमारे १४५० अंशांवर भाजतात. टनामागे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नसून चुनखडीच्या दगडातूनच निघतो. म्हणजे भट्टी विजेवर चालवली तरी तो सुटणारच. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरतात. खारवट, तुमच्या राफ्टमधलं निम्मं सिमेंट कमी होणं ही छोटी गोष्ट नाही.

उलटतपासणी | ५ जानेवारी, सकाळी ११:१०

वाद घालायलाच आलोय तर. चांगला दाणेदार स्लॅग जगात जेवढा तयार होतो त्यातला बहुतेक आधीच वापरला जातो. खारवटनी जास्त घेतला की दुसऱ्या कुणाला कमी मिळणार आणि तो क्लिंकर वाढवणार. पृथ्वीच्या वहीत बेरीज तीच. स्लॅग मिठासाठी वापरा, सल्फेटसाठी वापरा, जाड ओतकामातली उष्णता कमी करायला वापरा. 'हरित' पाटी लावायला नको.

पानगळ | ५ जानेवारी, सकाळी ११:४५

हा मुद्दा मला आवडला नाही, पण खोडताही येत नाही. उलट पुढे तर तुटवडाच आहे. ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं, म्हणजे तिथली ताजी फ्लाय ॲश संपली. पोलाद भंगारातून विद्युत भट्टीत वितळवायला लागले की झोतभट्टीचा स्लॅगही घटणार. विद्युत भट्टीचा स्लॅग असाच घालता येत नाही ना?

मापटं | ५ जानेवारी, दुपारी १२:३०

नाही. त्यात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया राहू शकतात, ते मागाहून पाणी पिऊन फुगतात. नावात स्लॅग आहे म्हणून कुणी घालेल तर भिंत फुगेल. पुढचं उत्तर बहुधा मातीत आहे. केओलिन असलेली चिकणमाती ७००-८०० अंशांना भाजायची आणि दळलेल्या चुनखडीबरोबर मिसळायची. एलसी-३ म्हणतात. निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी, बाकी जिप्सम. पण ते उपउत्पादन नव्हे, मुद्दाम केलेलं उत्पादन. वेगळा धागा काढा.

निवांत | ५ जानेवारी, दुपारी १२:४१

शेवटी मातीच. गवंडी हेच सांगत होते, आपण पदवी घेऊन परत तिथेच.

सळई१२ | ५ जानेवारी, दुपारी १:०५

उष्णतेवर कुणी लिहाल का? राफ्ट किती जाड आहे खारवट?

खारवट | ५ जानेवारी, दुपारी १:५०

दीड मीटर.

सळई१२ | ५ जानेवारी, दुपारी २:२०

मग तेवढ्यासाठीही स्लॅग हवाच. सिमेंट घट्ट होताना तापतं. दीड मीटर जाडीत मधली उष्णता बाहेर पडायला दिवस लागतात. आतलं ७० अंशांच्या वर गेलं तर एट्रिंगाइट नावाचे स्फटिक वेळेवर न बनता काही वर्षांनी बनतात आणि काँक्रीट आतून फुगतं. त्याआधीच बाहेरचा थर गार, आतला गरम, म्हणून तडे. निम्मा स्लॅग असला की तापमान सावकाश चढतं. अमेरिकेत मोंटानातल्या हंग्री हॉर्स धरणात, १९४८ ते १९५३ मध्ये, फ्लाय ॲश घातली तीही मुख्यतः याच काळजीने. राफ्टमध्ये तीन पातळ्यांवर तापमापी वायरी ठेवायला सांगा, आणि वरून थंड पाणी ओतू नका, गोणपाट घालून झाका.

खारवट | १३ जानेवारी, सकाळी ७:३०

काल राफ्ट झाला. रात्री दोनपर्यंत उभा होतो. पाटीघमेलं काका, प्रत्येक ट्रकची बॅच शीट मी स्वतः वाचली. एका ट्रकवर स्लॅगच्या रकान्यात शून्य होतं. चालक म्हणाला, "प्रिंटर बिघडलाय." ट्रक परत पाठवला. ठेकेदाराने पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदराने बघितलं.

पाटीघमेलं | १३ जानेवारी, सकाळी ७:४१

शाब्बास. प्रिंटर त्याच एका रकान्यात कसा बिघडतो, हे तीस वर्षांनीही कुणी सांगू शकणार नाही.

निवांत | १३ जानेवारी, सकाळी ७:५०

काका, दहा दिवसांपूर्वी पंचवीस वर्षं होती. स्लॅगसारखी वाढतायत.

खारवट | २४ जानेवारी, सकाळी १०:१५

मदत!! भिंती २० तारखेला ओतल्या होत्या. आज शटरिंग काढलं. भिंत हिरवी-निळी आहे. डाग नाहीत, सगळीच. जणू शेवाळ आतून आलंय. ठेकेदार दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा आहे आणि काहीही बोलत नाहीये. हे त्याच्या बोलण्यापेक्षा वाईट.

मापटं | २४ जानेवारी, सकाळी १०:२२

अभिनंदन. स्लॅग खरंच आत आहे याचा पुरावा मिळाला.

स्लॅगमध्ये थोडा सल्फाइड असतो. हवा न लागलेल्या काँक्रीटमध्ये त्याची लोखंड-मँगनीजसारख्या धातूंशी संयुगं होतात, त्यांचा हा रंग. हवा लागली की ऑक्सिडेशन होऊन तो उडतो. काही दिवसांत फिका पडेल, नंतर नेहमीपेक्षा उजळ राखाडी दिसेल. सतत ओलं राहिलेल्या भागात जास्त टिकतो. घासू नका, रंगवू नका, ॲसिड तर अजिबात नको. पाणी मारणं थांबवू नका, रंग जावा म्हणूनसुद्धा नाही.

चुनखडी | २४ जानेवारी, सकाळी १०:४०

फोटो टाका ना! वर्गात दाखवायला हवाय.

पाटीघमेलं | २४ जानेवारी, सकाळी ११:०५

एवढी वर्षं काम केलं, हे मला माहीत नव्हतं. मीही ठेकेदारासारखाच कमरेवर हात ठेवून उभा राहिलो असतो. शटरिंग चार दिवसांनी काढलं ते ठीक केलंत. एरवी भिंतीचं आम्ही दुसऱ्याच दिवशी काढतो.

खारवट | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

भिंतींचे निकाल. ताकद हवी होती ३५ मेगापास्कल. सातव्या दिवशी १८ आली होती, तेव्हा ठेकेदाराने मला रात्री साडेदहाला फोन करून फक्त 'अठरा' एवढंच म्हटलं होतं. आज अठ्ठाविसाव्या दिवशी ३४. भिंतीचा रंग बराचसा उडालाय, कोपऱ्यात जिथे गोणपाट ओलं होतं तिथे अजून निळसर. पाणी चौदा दिवस मारलं. पाइप दोनदा गुंडाळलेला सापडला, दोन्ही वेळा मी उलगडला.

उलटतपासणी | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

३४ म्हणजे २८ दिवसांच्या जुन्या नियमाने नापास, ५६ दिवसांच्या नव्याने अजून परीक्षा बाकी. कुणी घाईने 'पुढच्या वेळी सिमेंट वाढवा' म्हणालं तर ऐकू नका. सिमेंट वाढवलं की उष्णता आणि आकुंचन वाढतं, भेगा वाढतात, आणि मीठ भेगेतून थेट आत. तिथे छिद्रं कितीही बारीक असोत.

पानगळ | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१०

उलटतपासणी स्लॅगच्या बाजूने बोलले. तारीख लिहून ठेवा.

खारवट | १७ मार्च, संध्याकाळी ५:२०

५६ दिवस. तीन क्यूब : ४३, ४५, ४४. भिंतीतून काढलेल्या गाभ्यांचे नमुने मिठाच्या पाण्यात ठेवायला दिलेत (उलटतपासणी, तुमच्या सांगण्यावरून, निकाल यायला महिने लागतील म्हणाले). ठेकेदार क्यूब फोडताना हजर होता. फुटलेला तुकडा उचलून त्याने आतली बाजू बघितली. गडद निळा-हिरवा. तुकडा खिशात घालून घेऊन गेला.

तो आता एकच विचारतोय, पुढच्या कामाला हा रंग कायम ठेवता येईल का.

मापटं | १७ मार्च, संध्याकाळी ५:३४

येईल. भिंतीला कधीच हवा लागू द्यायची नाही.